दुसऱ्या दिवसाची मोजणी

३ मार्च

धाकट्या,

खुशाली विचारून सुरुवात करत नाही. दोन वर्षांत तू माझी विचारली नाहीस, आणि माझी खुशाली अशी आहे की काल भर दुपारी मी औषधांच्या दुकानात काउंटरवर मूठ आपटून आले.

खोकल्याच्या गोळ्या घ्यायला गेले होते. दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर तुझ्या बाटल्या ओळीनं उभ्या. ओव्याचं तेल. वर आपल्या तेल गाळायच्या भट्टीचं चित्र, खाली ‘जंत व पोटातील गाठींवर गुणकारी’. इथपर्यंत दात आवळून वाचलं. मग बाटली फिरवली, तर मागे माझं वाक्य. ‘जे औषध मातीतून उगवतं, ते घ्यायला माणसानं कुणाच्या दारात उभं राहायचं?’ आणि त्याखाली: ‘एका निर्भीड शास्त्रज्ञ भगिनीचे उद्गार’.

दुकानदार म्हणाला, “घ्या बाई, खूप खपतं.”

“हे वाक्य कुणाचं आहे माहीत आहे?”

“असेल कुणीतरी. शिकलेल्या बाईनं सांगितलं की लोकांना पटतं.”

त्यावर मूठ आपटली. त्यानं मला पाणी विचारलं. मला भोवळ आली असावी असं त्या बिचाऱ्याला वाटलं.

माझं वाक्य बाटलीवरून काढ. ही विनंती नाही. तुझ्या गिऱ्हाइकांना काही छापून द्यायचंच असेल तर हे दे: कुत्र्याच्या आतड्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात आणि न धुतलेल्या हातानं माणसाच्या पोटात जातात. मग यकृतात पाण्याची गाठ धरते. ती वर्षानुवर्षं गपचूप वाढते. आतल्या पाण्यात त्या कृमीची हजारो मुंडकी तरंगत असतात आणि गाठ आत फुटली तर माणूस जाऊही शकतो. एवढं वाचून ज्याला थेंब-थेंब तेल पीत घरी बसावंसं वाटेल, त्यानं खुशाल बसावं. पण ते माझ्या नावावर नको.

तू म्हणशील, नाव कुठे आहे? खरंच नाही. पण दोन वर्षांपूर्वी ज्या सभेत मी ते वाक्य बोलले, तिला गावातली निम्मी माणसं होती. माझा आवाज ओळखायला त्यांना नाव लागत नाही.

भट्टीच्या पायऱ्यांवर तू मला म्हणालास ते मी विसरलेले नाही. “गोळ्यांच्या कंपनीनं विकत घेतलं तुला. नाहीतर टाळ्या सोडून तू घरी बसणारी आहेस का?” मी उत्तर न देता निघून आले. पुन्हा मंचावर का चढले नाही याला माझी कारणं होती आणि ती तुला सांगायला मी बांधलेली नव्हते.

तुझी भिंगरी बरेच दिवस शाळेत दिसली नाही असं तिच्या बाईंकडून कळलं. परीक्षा जवळ आली आहे. मुलीला भट्टीवर बसवून ठेवू नकोस.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

आज तुझी बायको प्रयोगशाळेत आली होती. तुला न सांगता. आता मी सांगते आहे, तर तिच्यावर डाफरू नकोस. डाफरायचंच असेल तर इथे ये, मी आहे.

आमची जागा तू पाहिली आहेस. कत्तलखान्याला लागून दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मेंढ्यांची यकृतं ट्रेमध्ये, आतल्या खोलीत मायक्रोस्कोप आणि इन्क्युबेटर. ती उंबऱ्यातच नाकाला पदर लावून उभी राहिली. एका ट्रेमध्ये गाठ आलेलं यकृत होतं, लिंबाएवढी पांढरी गाठ. तिनं विचारलं, “हेच का?”

“काय हेच?”

मग तिनं पिशवीतून सोनोग्राफीची फिल्म काढली. मी खिडकीशी धरली. अकरा वर्षांच्या पोरीच्या यकृतात मोसंब्याएवढी गोल काळी पोकळी आणि आत भिंतीला चिकटलेल्या बारीक बारीक पिल्लगाठी. वर भिंगरीचं नाव. तारीख ऑक्टोबरची. म्हणजे पाच महिन्यांपूर्वीची.

पाच महिने!

“सर्जन तेव्हाच म्हणाले, गोळ्या सुरू करा आणि ऑपरेशन करून घ्या,” ती म्हणाली. “हे म्हणाले, गरज नाही. माझ्या बहिणीनं मायक्रोस्कोपखाली मेलेले बघितलेत. सकाळी सहा थेंब, संध्याकाळी सहा थेंब, मधातून. पोट दुखायचं, ते थांबलं. हे म्हणतात, बघ, लागू पडलं.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं, ताई? माझं शिक्षण काय? तुम्ही सभेत दोन तास बोललात तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता एकच वाक्य बोलायचंय तर तुमचा घसा बसला का?”

मी तिला खुर्ची दिली. आमचा अटेंडंट, ज्याला तू ‘काचवाले काका’ म्हणायचास, त्यानं चहा आणला. तिनं प्याला हातात धरला, पण प्यायली नाही. या खोलीतला चहा कुणीच पहिल्यांदा पीत नाही.

आता नीट ऐक. ओव्याचं तेल दुखणं थांबवतं. आतड्याची कळ मोडते, हे आपली आजीसुद्धा जाणत होती. पण पोट शांत झालं म्हणजे गाठ मेली असं होत नाही. सभेआधीच्या माझ्या प्रयोगात तेल नळीतल्या मुंडक्यांवर थेट पडत होतं. भिंगरीच्या पोटात ते आधी जठरात जाणार, आतड्यात विरणार, रक्तात पातळ होणार, यकृत त्याची मोडतोड करणार, आणि उरलं तर त्या गाठीच्या जाड भिंतीशी येऊन थांबणार. नळीतला जोर गाठीत उतरवायचा तर पोरीला पेला भरून तेल पाजावं लागेल आणि त्यानं गाठीआधी पोर जाईल.

त्या सभेनंतर विज्ञान पुढे गेलं आहे. नवी माहिती आली आहे. मत बदलणं यात कमीपणा नाही. सर्जनकडे जा. या आठवड्यात जा.

आणि भट्टीवरच्या कुत्र्याला, तुमच्या साहेबाला, जंताचं औषध द्या. त्याला कत्तलखान्याच्या मागून यकृताचे तुकडे आणून घालणं बंद करा. हे मी तुला दहा वर्षांपूर्वीही सांगितलं होतं. “साहेब आमचा घरचा आहे, त्याला कसले जंत,” म्हणाला होतास. भिंगरी त्या साहेबाच्या मानेत हात टाकून झोपायची.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

तुझं पार्सल मिळालं. आत एक भरलेली बाटली आणि सभेच्या बातमीचं कात्रण. फोटोत माझा हात वर आणि तोंड उघडं. त्याच्या कडेला तुझ्या अक्षरात चार शब्द: ‘ही बाई कुठे गेली?’

प्रश्न चांगला आहे. माझ्याकडून शिकलास.

तुझी बायको म्हणाली, माझं पत्र तू मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि ‘विज्ञान पुढे गेलं आहे’ या ओळीपाशी हसलास. “ही कंपनीची भाषा,” म्हणालास. मला राग आला आणि मग गेला. ती ओळ खरंच कुणाचीच नव्हती. तिच्यात कर्ताच नाही. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, ज्या वाक्यात कुणी काही केलेलं नसतं त्या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

तर आता वाक्यात करणारी घालून लिहिते. त्या प्रयोगात माझी एक चूक झाली होती.

मेंढीच्या गाठीतलं पाणी मी शुक्रवारी दुपारी काढलं. नळीत मुंडकी घेतली, तुझं तेल घातलं, दहा मिनिटं थांबले आणि एक थेंब काचेवर घेऊन पाहिलं. एकही हलत नव्हतं. शेजारच्या साध्या नळीतली सगळी वळवळत होती. मी काकांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, “थंड पडलीत की हो सगळी!” मी वहीत लिहिलं: शंभरात शंभर मृत.

पण आमच्या कामाचा नियम आहे की हललं नाही म्हणून मेलं असं लिहायचं नाही. मुंडकी धुवायची, ताज्या पाण्यात घालून इन्क्युबेटरमध्ये रात्रभर उबेला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी लाल रंग घालून पुन्हा मोजायची. मेलेलं असतं ते लाल होतं. जिवंत असतं ते रंगाला आत येऊ देत नाही. ओव्याचं तेल नुसती गुंगीही आणू शकतं.

सभा शनिवारी होती. मी दुसऱ्या मोजणीसाठी थांबले नाही. घाईतली चूक म्हण. माणसाकडून होते.

आता तरी पोरीला घेऊन जा. सर्जनशी मी बोलले आहे. ते म्हणाले, गाठ वरच्या बाजूला आहे, एखादा जोराचा धक्का लागला तरी फुटू शकते. तिला दोरीवरच्या उड्या मारू देऊ नकोस. भिंगरीला उड्या मारू नको म्हणायचं म्हणजे काय ते मला कळतं.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

काल संध्याकाळी तुझी बायको माझ्या घरी आली होती. बसली नाही. दारातूनच तुझा निरोप सांगितला: “ताई एक पायरी विसरली म्हणून तेल खोटं ठरत नाही. दुसऱ्या दिवशीही मेलेलीच निघाली असती. तिला विचार, निघाली नसती हे ती कशावरून सांगते?”

तू आपल्या वडिलांचा मुलगा आहेस. अचूक तिथे बोट ठेवलंस.

मागच्या पत्रात मी ‘थांबले नाही’ असं लिहिलं. सभेच्या आधी थांबले नाही हे खरं आहे. पण शुक्रवारीच काकांनी, मी न सांगता, नेहमीच्या सवयीनं ती मुंडकी धुऊन उबेला ठेवली होती. रविवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा माझ्या गळ्यात आदल्या दिवशीच्या हाराचा वास होता. काका म्हणाले, “ताई, जरा बघता का? मला वाटतं, उठलीत.”

मी बघितलं. रंग घालून मोजलं. दोनदा मोजलं. शंभरात एकोणचाळीस लाल. एकसष्ट जिवंत आणि वळवळणारी.

रविवार, सकाळचे साडेदहा. सभेला अजून पुरता एक दिवस झाला नव्हता. त्या दिवशी तू भट्टीवर पहिली बाटलीही भरली नव्हतीस. मी तेव्हाच तुला फोन केला असता तर ती बाटलीच झाली नसती.

मी वही मिटून खणात ठेवली. काकांना म्हटलं, “धुताना काहीतरी गडबड झाली असेल.” त्या माणसानं तीस वर्षं नळ्या धुतल्या आहेत. त्या दिवसापासून तो मला ताई म्हणत नाही, मॅडम म्हणतो. तुला वाटतं, माझ्याशी अबोला धरणारा तू पहिलाच आहेस?

तुला कारण हवं असेल. मी कारणं देण्यात वाकबगार आहे. पण या एका गोष्टीला चांगलं कारण सापडत नाही आणि मी दोन वर्षं शोधते आहे. शनिवारी त्या सभागृहात माणसं खिडक्यांत बसली होती. मी म्हणाले, “कुणाच्या दारात उभं राहायचं?” आणि मागून एक म्हातारा उभा राहून ओरडला, “कुणाच्याच नाही!” मग सगळं सभागृह. तू पहिल्या रांगेत होतास, भिंगरी तुझ्या मांडीवर. तीही ओरडली. तिला काय कळत होतं? आत्या ओरडते म्हणून ती ओरडली. रविवारी वहीतला आकडा आणि तो आवाज यांतून मला एक निवडायचं होतं. मी कुठलंच निवडलं नाही. मंचावर जाणं सोडलं, आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजले. आकडा सांगितला नाही, खोटंही पुन्हा बोलले नाही, बस, हात झटकले.

तू पायऱ्यांवर ‘विकली गेलीस’ म्हणालास तेव्हा मी गप्प का राहिले हे आता कळलं असेल. मला तो आरोप सोयीचा होता. खोट्या आरोपाखाली माणूस मान ताठ ठेवून उभा राहू शकतो. खऱ्याखाली राहता येत नाही.

आणि सगळ्यात जास्त चीड येते ती एकोणचाळीसची. कारण एकोणचाळीस खरोखरच मेली होती! धाकट्या, तुझ्या तेलात काहीतरी आहे. ते शोधायला दहा वर्षं बसायला हवं होतं. किती जोराचं, किती वेळ, जनावरात काय होतं, यकृत सोसतं का. कदाचित ऑपरेशनच्या वेळी गाठ आतून धुवायला ते कधीतरी कामी आलं असतं. कदाचित कधीच नाही. ते कुणालाच माहीत नाही. ते शोधणं हे माझं काम होतं आणि मी ते एका टाळीला देऊन टाकलं. आता कुणी खरं करू म्हणेल तर लोक म्हणतील, तेच ना ते, बाटलीवालं तेल?

सोबत वहीचं पान फाडून पाठवते आहे. नक्कल नाही, मूळ पान. वर शुक्रवार आणि शंभर मृत, खाली रविवार आणि एकसष्ट जिवंत. काकांची सही तेव्हाची आहे, माझी नव्हती. आज केली आहे, शाईचा फरक दिसेल.

त्याच सभागृहात येत्या रविवारी मी हेच पान वाचणार आहे. तू आला नाहीस तरी चालेल. भिंगरीला घेऊन सर्जनकडे जा, एवढंच. माझं ऐकून नव्हे. माझं एकदा ऐकलंस ते पुरे झालं. त्या पानाचं ऐक.

ताई


२३ एप्रिल

धाकट्या,

भिंगरीच्या ऑपरेशनच्या दिवशी तू हॉस्पिटलच्या बाकावर होतास. मी आले तसा तू उठलास. जागा द्यायला नव्हे, जायला. मी बसले नाही. आपण दोघंही उभे होतो आणि मधे बाक रिकामा. तू म्हणालास, “आत जायचं नाही.” मी गेले नाही. दोन वर्षांत तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सभेचं तुला कुणी सांगितलं असेलच. पन्नासेक माणसं होती. मी पान वाचलं आणि खाली उतरले. टाळी नाही. एक जण दाराशी म्हणाला, “पैसे घेऊन तेव्हा बोललात की आता?” तुझाच प्रश्न. मला त्याला उत्तर देता आलं असतं, पण मी आता उत्तरं द्यायची थांबवली आहेत. तो ‘कुणाच्याच नाही’वाला म्हाताराही आला होता. खिशातून तुझी बाटली काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. अर्धी रिकामी होती. त्याच्या घरी कुणाला गाठ आहे हे विचारायला मी धावत गेले, तोवर तो दिसेनासा झाला. तुझी बाटली विकणाऱ्या दुकानांतून त्याला अजून शोधते आहे.

ऑपरेशनबद्दल सर्जननी मला सांगितलं ते तुलाही सांगितलं असेल. गाठ न फुटता हाती लागली. गोळ्या सुरू होऊन चारच दिवस झाले होते. त्यांनी आधी सुईनं आतलं पाणी ओढलं, मग कृमी मारायला कडक मिठाचं पाणी आत सोडलं, मग गाठ काढली. मिठाआधीचं ते पाणी सीलबंद बाटलीत आमच्याकडे आलं. कागदावर रुग्णाचं नाव, वय अकरा, खाली ‘पालकांची सूचना’ असा रकाना, जो कुणी कधी भरत नाही. त्यात तुझं अक्षर: ‘मोजणी बहिणीनेच करावी.’

हा विश्वास आहे की शिक्षा, ते मी विचारणार नाही. मी मोजणी केली.

पहिल्या दिवशी काचेवर काहीच हलत नव्हतं. सगळी गप्प. पाणी बर्फात आलं होतं. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. तुला आता खोटं सांगून उपयोग नाही, म्हणून सांगते: एक क्षण मला वाटलं, मेली असतील. सहा थेंब, सहा थेंब, सहा महिने. तू बरोबर असशील. मी त्या क्षणी मनापासून तुझ्या बाजूची होते. काका म्हणाले, “लिहू का, मृत?”

“धुवा आणि उबेला ठेवा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग घातला. शंभर मोजली. बारा लाल. अठ्ठ्याऐंशी जिवंत. बारीक हुकांसारख्या आकड्या असलेलं डोकं बाहेर काढत होती, आत घेत होती, बाहेर काढत होती. सहा महिने तुझ्या पोरीच्या पोटात ती अशीच होती आणि बाटलीच्या पाठीवर माझं वाक्य होतं. बारांचं श्रेय तेलाला की चार दिवसांच्या गोळ्यांना, ते मला सांगता येत नाही. म्हणून लिहिलंही नाही.

अहवाल सोबत आहे. यावेळी दोन्ही दिवस लिहिले आहेत आणि सह्या दोघांच्या आहेत.

तुझी बायको काल अहवाल न्यायला आली. चहा प्यायली. म्हणाली, भिंगरी शुद्धीवर आल्यापासून एकच विचारते आहे, “आत्यानं बघितलं का? मेले ना सगळे?” आणि तू तिला म्हणालास, “तुझ्या आत्यालाच विचार.”

तर तिला सांग. मिठाचं पाणी घातलं, गाठ पूर्ण निघाली, गोळ्या चालू आहेत. कुठे एखादं सांडलं असेल तर ते दिसायला महिने लागतात, कधी वर्षं. पुढची सोनोग्राफी ऑक्टोबरात, आणि मग पाच वर्षं दर सहा महिन्यांनी. मेले असं आत्या म्हणणार नाही. तो शब्द आत्यानं एकदा फार लवकर उच्चारला. तिला सांग, आत्या म्हणते, थांबलेत. मेलेत का, ते बघून सांगेन.

ऑक्टोबरात तू म्हणालास तर दाराबाहेर उभी राहीन.

ताई